दहा पावलं मागे

१

रजिस्टरमधलं एक पान कुणीतरी कापून नेलं होतं, आणि ते कापलंय हे कळायला पंचवीस वर्षं जावी लागली.

पंतप्रधानांच्या खुनाची चौकशी झाली तेव्हा आयोगाने सगळे कागद एका लोखंडी पेटीत घालून पंचवीस वर्षांसाठी सीलबंद केले होते. मुदत संपली तशी पेटी तीन साक्षीदारांसमोर उघडली. सील शाबूत होतं, यादीतली एकूण एक वस्तू जागेवर होती. अभिलेखपालांनी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसऱ्या दिवशी एकेक कागद स्कॅन करायला घेतला. पंतप्रधानांच्या रक्षकांचं ड्यूटी रजिस्टर काचेवर सपाट दाबलं, तेव्हा कण्यापाशी एकमेकांना चिकटलेली दोन पानं हलकेच सुटली आणि मधून कागदाची एक पट्टी वर आली. नखाएवढी रुंद, कापलेली कड अगदी सरळ.

त्या रजिस्टरची पद्धत साधी होती. रोज एका पानावर कोण कुठे उभं राहणार त्याची यादी. काही वेगळं सांगायचं असेल तरच पुढचं पान ‘विशेष सूचना’ म्हणून वापरायचं. पानांना आकडे नव्हते. पट्टी होती ती नेमकी खुनाच्या दिवशीच्या यादीनंतर.

अभिलेखपालांनी पंतप्रधानांच्या मुलीला फोन केला. स्मारकाचं काम तीच बघत असे. तिने फोन केला अक्षरबाईंना.

अक्षरबाईंचं आयुष्य सरकारी प्रयोगशाळेत इतरांची अक्षरं भिंगाखाली धरण्यात गेलं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या इमारतीतले लोक त्यांच्यासमोर सही करायला बिचकत. थोरलीच्या या कीर्तीचा सर्वात जास्त अभिमान आणि सर्वात जास्त जाच त्यांच्या धाकट्या बहिणीला होता. दोघी एकत्र राहत. बाई निघाल्या तेव्हा धाकटीने एवढंच बजावलं की संध्याकाळी परत आल्यावर मला सगळं सांगायचं, ‘ते गोपनीय आहे’ वगैरे ऐकून घेणार नाही.

स्मारकाच्या कचेरीत मुलीने थोडक्यात सांगितलं. ती आता चाळिशीची होती. त्या वेळी पंधराची. शाळेत चित्रप्रदर्शन होतं, वडील ते बघायला आले होते. एरवी रक्षक त्यांना खेटून चालत. त्या दिवशी ते दहा पावलं मागे राहिले, आणि गर्दीतून पुढे झालेल्या माणसाला तेवढी जागा पुरली. रक्षकांना मागे कुणी ठेवलं, हा आयोगापुढचा मुख्य प्रश्न होता. पथकप्रमुखांनी साक्ष दिली की निर्णय माझा. त्यांना बडतर्फ केलं. लोकांना मात्र ते पटलं नाही. हुकूम खासगी सचिवांनी दिला, असं जो तो आजवर कुजबुजत आला होता.

“मला त्या पानावर काय लिहिलं होतं ते हवंय,” मुलगी म्हणाली. “कुणी कापलं ते नंतर बघू.”

बाईंना हे खटकलं. चोरी झाल्यावर माणूस आधी चोर विचारतो.

२

दोन दिवस बाई रजिस्टर घेऊन बसल्या.

पहिला संशय साहजिकच अभिलेखपालांवर होता, कारण सील तुटल्यापासून रजिस्टर त्यांच्याच ताब्यात होतं. बिचाऱ्यांची भूक मेली होती. बाईंनी त्यांना बोलावून भिंगातून बघायला लावलं. शेजारच्या पानाला कसर लागली होती. टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं. तेच भोक वाळून तपकिरी झालेल्या खळीतून आरपार जात पट्टीतही उतरलं होतं. म्हणजे कसर लागली तेव्हा पट्टी चिकटवलेलीच होती. पान पेटी बंद होण्याआधी गेलं होतं, आणि पेटी बंद होती पंचवीस वर्षं. अभिलेखपाल त्या दिवशी दोन वेळा जेवले.

दुसरी गोष्ट बाईंना जास्त कुतूहलाची वाटली. रजिस्टर जुजबंदीचं होतं: दुहेरी कागद एकात एक घालून मधोमध दोऱ्याने शिवलेले. अशा वहीतलं पान मुळापासून उपटलं तर त्याचं पलीकडचं जोडपान सुटून हातात येतं आणि चोरी उघडी पडते. म्हणून पान नेणाऱ्याने मुद्दाम पट्टी शिल्लक ठेवली, आणि पट्टी दिसू नये म्हणून शेजारच्या पानाला चिकटवली. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. ज्याला पुस्तक बांधता येतं त्यालाच सुचतं.

खुनानंतर तीन दिवस रजिस्टर पंतप्रधानांच्या घरातच, रक्षकांच्या खोलीत होतं. चौथ्या दिवशी आयोगाने नेलं. त्या तीन दिवसांत खोलीत सहज ये-जा करू शकणारी माणसं तीन. पथकप्रमुख, बाजूच्याच खोलीत बसणारे खासगी सचिव, आणि घरात राहणारी मुलगी. तिसरं नाव बाईंनी मुलीच्या तोंडावरच सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, बरोबर आहे, मलाही धरा.

मग बाईंनी ते रजिस्टर पहिल्या पानापासून कादंबरीसारखं वाचलं, आणि त्यांना हसू आवरेना. पंतप्रधानांना रक्षकांचा भारी कंटाळा. विशेष सूचनांच्या पानांवर त्यांच्याच ऐसपैस हस्ताक्षरात सबबी होत्या. ‘आज जुने मित्र येणार, ते बुजतात, दारात कुणी नको.’ ‘वैद्यांनी एकट्याने फिरायला सांगितले आहे.’ एका ठिकाणी, खुनाच्या दोन महिने आधी, ‘समुद्रावर जातो. लेक बरोबर आहे, ती बिचकते. मागची गाडी नको.’ प्रत्येक सूचनेखाली त्यांची सही, सहीखाली वेळ.

त्या काळी हे चालत असे. पंतप्रधानांनी हात केला की रक्षक थांबत. साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती.

३

खासगी सचिव आता ऐंशीचे होते. गुडघ्यांनी दगा दिला होता, पण जीभ तल्लख होती. त्यांच्या बैठकीच्या खोलीत छतापर्यंत पुस्तकं होती, सगळी एकाच गडद हिरव्या कापडात बांधलेली. बाईंनी एक हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

सचिवांना लोक काय बोलतात ते ठाऊक होतं. पंचवीस वर्षं बाजारात गेलो तरी माझ्या पाठीला डोळे चिकटतात, असं ते म्हणाले. मग स्वतःहून जुनं सांगू लागले. खुनाआधी पंतप्रधानांची गाडी उघडी असे, रस्त्यात कुणीही हात दाखवून थांबवावी. रक्षक पोलिसांतून उसने आणलेले. आज हा, उद्या तो. कार्यक्रमाची वेळ आणि वाट दोन दिवस आधी वर्तमानपत्रात छापून येई. खुनानंतर सहा आठवड्यांत सगळं बदललं. नेत्यांसाठी वेगळं दल उभं राहिलं, त्याचं वेगळं शिक्षण सुरू झालं. सारख्या दिसणाऱ्या तीन गाड्या आल्या, जाड काच आली, वाट कोणती ते निघण्याआधी तासभर ठरू लागलं. फुलांचा गुच्छसुद्धा तपासल्याशिवाय हातात देईनात. हे सारं एकतीस नियमांत बसवलं होतं, आणि ते नियम केलेल्या समितीचे अध्यक्ष स्वतः सचिव होते. आजही त्या दलातला प्रत्येक शिपाई ते पाठ म्हणतो.

बाई नियमांची प्रत सोबत घेऊनच आल्या होत्या. त्यांनी पहिला नियम वाचून दाखवला. ‘संरक्षित व्यक्तीने तोंडी अथवा लेखी सांगितले, तरी रक्षकाने आपली जागा सोडू नये.’

“यातला ‘लेखी’ कुठून आला?” त्यांनी विचारलं.

सचिवांना प्रश्न कळला नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं. बाईंनी समजावून सांगितलं. आयोगाच्या नऊशे पानांत सगळे साक्षीदार एकच सांगतात, लेखी हुकूम कुठलाही नव्हता. खुद्द पथकप्रमुखांनी शपथेवर सांगितलं की लेखी काही नव्हतं. आयोगापुढचं रजिस्टरही तेच दाखवत होतं. मग खुनातून धडा घेऊन जो माणूस नियम लिहायला बसला, त्याला पहिल्याच वाक्यात लेखी हुकमाचा बंदोबस्त करावासा का वाटला? त्या दिवशी लेखी हुकूम होता, आणि तो त्याने पाहिला होता, म्हणूनच.

“आणि नियम तुम्ही लिहिलेत,” बाई म्हणाल्या.

सचिवांनी सुनेला हाक मारून पाणी मागितलं, ते संथपणे प्यायले.

“नियम मी लिहिले नाहीत,” ते म्हणाले.

४

त्यांनी कपाटातून एक जुना लखोटा काढून दिला. समितीचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात तो टपालाने आला होता. आत एकतीस नियम, खाली नाव नाही. समितीतल्या एकालाही इतकं नेमकं सुचलं नसतं. सचिवांनी शुद्धलेखन तेवढं सुधारलं आणि नियम जसेच्या तसे मंजूर करून घेतले. लिहिणारा कोण असेल याचा त्यांना अंदाज होता. पण त्याचं नाव घेतलं असतं तर ते नियम कुणी वाचलेसुद्धा नसते.

बाईंना भिंग काढायची गरज पडली नाही. उजवीकडे कललेलं अक्षर, आडव्या रेघेला लागून न लिहिता किंचित खाली लोंबणारं. दोन दिवस त्या हेच अक्षर वाचत होत्या. रजिस्टरमधली रोजची यादी लिहिणारा माणूस: पथकप्रमुख.

इथे गाडं अडलं. लेखी हुकूम पथकप्रमुखांनी पाहिला होता, तर तो त्यांच्या सुटकेचा कागद होता. तो आयोगापुढे ठेवला असता तर ते त्याच दिवशी निर्दोष ठरले असते. स्वतःला वाचवणारा कागद कुणी स्वतः का कापेल? की तो सचिवांनी कापला, आणि आता लखोटा पुढे करून ते अंग काढून घेत होते?

जाता जाता बाईंनी हातातल्या हिरव्या पुस्तकाची शिवण पुन्हा पाहिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, की ही बांधणी कुणाकडे करता.

“त्याच्याकडेच,” सचिव म्हणाले. “वडिलांचा धंदा होता त्याच्या. बडतर्फ झाल्यावर परत तिथेच जाऊन बसला. मी गेली पंचवीस वर्षं गरज नसतानाही पुस्तकं बांधून घेतोय.”

रात्री, म्हणजे जेवताना, धाकटीने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी वाढता वाढता म्हणाली, “ताई, माणूस स्वतःचा कागद दुसऱ्यासाठीच लपवील ना गं. तू आता तो दुसरा शोध.”

५

बांधणीचं दुकान एका छापखान्याच्या मागे होतं. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. पथकप्रमुख सत्तरीला टेकले होते, तरी बसण्यात अजून शिस्त होती. समोर शाळेच्या हजेरीपटांचा ढीग. बाईंनी ओळख सांगितली तेव्हा त्यांनी हातातली सुई खाली ठेवली नाही.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. कसरीचं भोक, चिकटवलेली पट्टी, ‘लेखी’ हा शब्द, लखोट्यातलं अक्षर, सगळं एकामागोमाग एक मांडलं. ते ऐकत शिवत राहिले. शेवटी म्हणाले की पान मी कापलं, माझं नाव लिहून घ्या आणि विषय संपवा.

“तुम्ही कुणाला पाठीशी घातलंत, ते मला कळलंय असं वाटतं,” बाई म्हणाल्या. “साहेब तर गेले होते. सचिव स्वतःला सांभाळायला समर्थ होते. त्या घरात पुढचं सगळं आयुष्य काढायचं राहिलेलं माणूस एकच होतं. पंधरा वर्षांचं.”

आता सुई थांबली. ते उठले, हात पुसले, फळीवरून एक जाडजूड शब्दकोश काढला. पुठ्ठ्याच्या आतला अस्तराचा कागद त्यांनी चाकूच्या टोकाने कडेकडेने सोडवला. आत घडी न घालता ठेवलेलं एक पान होतं.

त्या सकाळी साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, आज शाळेत माणसं मागे ठेवा. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी म्हटल्यावर माघार घेतील असं त्यांना वाटलं होतं. साहेबांनी हसत लिहून दिलं.

‘आज शाळेत माणसे दहा पावले मागे ठेवावीत. लेकीचा हट्ट आहे.’ खाली सही. सहीखाली वेळ, सकाळी सहा चाळीस.

“दुसऱ्या दिवशी छोट्या ताई जिन्यात बसल्या होत्या,” पथकप्रमुख म्हणाले. “आयोग येणार होता. हे पान छापून आलं असतं. सबंध देशाने त्या पोरीकडे कसं बघितलं असतं, सांगा. नोकरी काय, माझी गेलीच होती. तिथे उभा मी होतो. साहेबांनी लिहून दिलं म्हणून मी ऐकायला नको होतं.”

त्यांनी बाईंना एकच विनंती केली, हे ताईंना दाखवू नका.

बाई पानाकडे बघत राहिल्या. सहीखालची वेळ त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, मी त्यांना आधी एक प्रश्न विचारते. उत्तर आलं तर दाखवीन, नाहीतर पान परत आणून देईन. पान बाईंनी नेलं ते पथकप्रमुखांच्या परवानगीने. पण परवानगी द्यायला त्यांना पाऊण तास लागला.

६

प्रश्न असा होता: त्या दिवशी सकाळी पावणेसातला तुम्ही कुठे होतात?

मुलीने भुवया उंचावल्या. पण तिला आठवायला वेळ लागला नाही. त्या दिवसाचं तिला सगळंच पाठ होतं. ती मावशीकडे होती, चार दिवसांपासून. वडिलांशी अबोला धरला होता. तिच्या वाढदिवसाला ते भाषण करायला गेले म्हणून रुसून ती मावशीकडे निघून गेली होती, आणि फोनवरसुद्धा यायला नकार देत होती. प्रदर्शनाच्या सकाळी सव्वानऊला ते गाडी घेऊन मावशीच्या दारात आले, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

“मधे कुणाकडून निरोप? चिठ्ठी?”

“काही नाही. अबोला म्हणजे अबोला.”

“आणि गाडीत काय बोललात?”

हा प्रश्न मुलीला कुणी कधी विचारला नव्हता, आयोगानेही नाही. ती लहान म्हणून तिला वगळलं होतं. अखेर ती बोलली. शाळा आली तेव्हा तिने वडिलांना म्हटलं होतं, बाबा, ही बंदूकवाली माणसं आत जवळ नकोत, माझ्या मैत्रिणी घाबरतात. वडील इतके हसले की तिला राग आला. खाली उतरल्यावर त्यांनी इतर कुणाच्या लक्षात येणार नाही असा मागे हात केला आणि रक्षक थांबले. पाच मिनिटांनी गोळ्या सुटल्या. ती हे कुणालाही, नवऱ्यालाही, सांगू शकली नव्हती. पट्टी सापडल्याचं कळलं तेव्हा तिला एवढंच हवं होतं, ते पान सचिवांचं निघावं. नाहीतर निदान खरं काय ते एकदाचं कळावं.

बाईंनी पान टेबलावर ठेवलं.

तिने वाचलं. ‘लेकीचा हट्ट आहे’ या शब्दांवर तिचा हात गेला आणि चेहरा उतरला. बाईंनी तिचं बोट अलगद धरून खाली, वेळेवर नेलं.

“सहा चाळीस,” बाई म्हणाल्या. “हट्ट तुम्ही केलात तो नऊनंतर. त्याआधी चार दिवस तुम्ही त्यांच्याशी बोलतच नव्हता. मग सकाळी सहा चाळीसला हा हट्ट त्यांना कुठून कळला?”

बाईंनी रजिस्टरमधल्या दुसऱ्या सूचनेचा फोटो पुढे केला. समुद्रावर जातो, लेक बरोबर आहे, ती बिचकते. तारीख बघून मुलगी म्हणाली, पण त्या आठवड्यात मी सहलीला गेले होते, डोंगरावर.

“मलाही तसंच काहीसं वाटत होतं,” बाई म्हणाल्या. “पथकप्रमुख कडक माणूस. ‘मला नकोत’ म्हटलं तर ते वाद घालत. मुलीचं नाव घेतलं की विरघळत. तुमच्या वडिलांना ते बरोब्बर माहीत होतं. त्यांना रक्षक नकोसे होते, त्यांचे स्वतःचे. तुमचं नाव त्यांनी सबबीला घेतलं. आणि तीन तासांनी गाडीत तुम्ही नेमकं तेच मागितलंत.”

“म्हणून हसले,” मुलगी म्हणाली.

“म्हणून हसले.”

ती उठून खिडकीशी गेली. बाईंना वाटलं ती रडेल. पण ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर चक्क राग होता, पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या रुसलेल्या मुलीचा.

“लबाड माणूस,” ती म्हणाली. मग खुर्चीत बसली आणि बराच वेळ रडली. बाई शेजारी बसून राहिल्या.

जरा सावरल्यावर तिने विचारलं की हे पान इतकी वर्षं कुणी जपलं. बाईंनी सांगितलं, आणि का जपलं तेही सांगितलं. पथकप्रमुखांना माहीत होतं की पान सकाळी लिहिलं गेलं. मुलगी मावशीकडून फोनवरसुद्धा वडिलांशी बोलत नव्हती, हे मात्र माहीत नव्हतं. मुलीला आपण कधी बोललो ते माहीत होतं. पानाचं माहीत नव्हतं. दोघांनी एकदा समोरासमोर बसून बोलायचा अवकाश होता. ते तिला जपत आणि ती स्वतःला दोष देत, दोघंही गप्प राहिली होती.

७

दुसऱ्या दिवशी मुलगी स्वतः बांधणीच्या दुकानात गेली. आत काय बोलणं झालं ते बाईंनी ऐकलं नाही. त्या बाहेर छापखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. तासाभराने दोघं बाहेर आली तेव्हा वाद चालू होता. पान स्मारकात लावायचं, वेळेसकट, असं तिचं म्हणणं. लोक साहेबांना हसतील, असं त्यांचं. तिने सांगितलं की हसू देत, ते स्वतःही हसतच होते.

पान लागलं. सचिवांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून एकतीस नियम कुणाचे ते जाहीर केलं. बडतर्फीचा हुकूम मागे घ्यायला सरकारने पाच महिने लावले. पण दलाच्या प्रशिक्षण शाळेने तेवढी वाट पाहिली नाही. पथकप्रमुखांना पहिल्या नियमाचा तास घ्यायला बोलावलं. मुलगी आणि अक्षरबाई मागच्या बाकावर बसल्या. धाकटीही आली होती, आपल्याला कुणी बोलावलं नाही याचा विचार न करता.

वर्गात साठ तरुण मुलं-मुली होती. त्यांनी नियम एका सुरात म्हटला. पथकप्रमुखांनी तो फळ्यावर लिहिला, उजवीकडे कललेल्या अक्षरात, आणि त्या सकाळची हकीकत सांगितली. काहीही वगळलं नाही. साहेबांनी हसत लिहून दिलं, मी वाचलं, मला खरं वाटलं, मी माणसं मागे घेतली.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. साहेब खोटं सांगतायत हे ओळखायचं कसं, असं तिने विचारलं.

पथकप्रमुखांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

“ओळखायला जायचंच नाही,” ते म्हणाले. “खरं सांगत असले तरी जागा सोडायची नाही. ते रागावतील. रागवायला ते जिवंत राहायला हवेत, एवढंच आपलं काम.”

दुसऱ्या रांगेतल्या मुलीने ते वहीत उतरवून घेतलं, आणि त्यांनी दुसरा नियम लिहायला घेतला.